चित्रपट विकत, भाड्याने की वर्गणीने? घरच्या पडद्याचा हिशेब

खुर्सीपार (भिलाई, छत्तीसगड) : घरी बसून चित्रपट पाहू इच्छिणाऱ्या भारतीय प्रेक्षकापुढे आज प्रामुख्याने तीन मार्ग आहेत. एखादा चित्रपट डिजिटल दुकानातून ‘विकत’ घेता येतो, ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घेता येतो, किंवा महिन्याची अथवा वर्षाची वर्गणी भरून एखाद्या ओटीटी सेवेच्या संग्रहातील हवा तो चित्रपट पाहता येतो. तिन्ही मार्गांनी पडद्यावर उमटणारे चित्र सारखेच असते. मात्र पैसे मोजून पदरात नेमके काय पडते, ते किती काळ टिकते आणि ते दुसऱ्याच्या हाती देता येते का, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक मार्गात वेगळी आहेत. हा फरक ठाऊक नसल्याने अनेक घरांत एकाच करमणुकीसाठी दोनदा पैसे जातात. काही वेळा तर कायमचे घेतले असे वाटलेले हातून निसटते.

भिलाई पोलाद कारखान्याच्या परिसरातील खुर्सीपार ही श्रमिकांची दाट वस्ती आहे. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानुसार उभारलेल्या या कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. त्या काळापासून देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे भिलाईत स्थायिक झाली. त्यांत मराठी भाषकही आहेत. दुर्ग जिल्ह्याचा मराठी मुलुखाशी संबंध त्याहून जुना. १९५६ पर्यंत हा जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. मराठी चित्रपटांचे चित्रपटगृहांतील प्रदर्शन मात्र मुख्यतः महाराष्ट्र आणि गोव्यापुरते राहते. बाहेर काही मोठ्या शहरांत मोजके खेळ होतात. त्यामुळे छत्तीसगडमधील मराठी कुटुंबाला आपल्या भाषेतला चित्रपट पाहायचा, तर घरचा पडदा हाच सर्वांत भरवशाचा मार्ग उरतो. महिन्याच्या पगारात बसवायचा हा खर्च कोणत्या मार्गाने करावा, हा प्रश्न अशा घरांसाठी केवळ हौसेचा राहत नाही.

कॅसेट ते क्लाउड

घरी चित्रपट आणण्याची सवय भारतात व्हिडिओ कॅसेटने लावली. १९८० च्या दशकात रंगीत दूरचित्रवाणी संच आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने आणून शेजाऱ्यापाजाऱ्यांसह ओळीने दोन-तीन चित्रपट पाहणे, हा गावोगावच्या मध्यमवर्गीय आणि कामगार वस्त्यांतील परिचित कार्यक्रम होता. गल्लीतील व्हिडिओ लायब्ररी कॅसेट भाड्याने देई. विकत घेणारे थोडे, कारण कॅसेटची किंमत सामान्य घराला परवडणारी नव्हती.

हे चित्र सीडी आणि डीव्हीडीने पालटले. रिकाम्या तबकड्या बनवणाऱ्या मोझर बेअर या भारतीय कंपनीने २००७ च्या सुमारास चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणल्या. भाड्याच्या दराच्या आसपास विक्रीची किंमत आल्याने चित्रपट विकत घेणे प्रथमच सर्वांच्या आवाक्यात आले. पुढे इंटरनेट स्वस्त झाले, तबकड्यांची मागणी ओसरली आणि २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने ही कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला.

कंपनी बंद पडली, तरी तिने विकलेल्या तबकड्या घराघरांत राहिल्या. प्लेअर चालू असेल आणि तबकडी खराब झालेली नसेल, तर अठ्ठावीस रुपयांची ती खरेदी आजही पाहता येते. विक्रेत्याचे पुढे काय झाले, याचा ग्राहकाच्या वस्तूवर परिणाम होत नाही. डिजिटल खरेदीचे स्वरूप समजून घेताना नेमकी हीच बाब लक्षात ठेवावी लागते.

‘विकत घ्या’ या बटनाचा अर्थ

ॲपलने भारतात आयट्यून्स स्टोअर डिसेंबर २०१२ मध्ये सुरू केले, तर गुगलची चित्रपट सेवा २०१३ मध्ये आली. तेव्हापासून भारतीय ग्राहकाला चित्रपट डिजिटल रूपात विकत घेता येऊ लागले. अशा खरेदीत चित्रपटाची मुक्त प्रत ग्राहकाच्या ताब्यात येत नाही. त्याला मिळतो तो पाहण्याचा परवाना. हा परवाना ग्राहकाच्या खात्याशी जोडलेला असतो, चित्रपट त्या सेवेच्या ॲपमध्येच उघडतो आणि सेवेच्या अटींनुसार तो दुसऱ्याला विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. कपाटातील तबकड्या मुलाबाळांना सहज देता येतात. खात्यातील चित्रपटांबाबत तसा सर्वसाधारण हक्क या परवान्यात नसतो. खात्याचा देश बदलल्यासही आधी घेतलेले काही चित्रपट पुन्हा उतरवता येत नाहीत. नोकरीनिमित्त परदेशी जाणाऱ्या कुटुंबांना ही अडचण जाणवू शकते.

परवाना किती काळ टिकणार, हे दोन गोष्टींवर अवलंबून असते : विक्रेत्याची सेवा सुरू राहणे आणि विक्रेता व चित्रपटाचे हक्कधारक यांच्यातील करार कायम राहणे. यांपैकी काहीही तुटले, तर काय घडते याची जगभरात अनेक उदाहरणे नोंदली गेली आहेत.

हॉलिवूडच्या स्टुडिओंनी डिजिटल खरेदी एका छत्राखाली ठेवण्यासाठी उभारलेली ‘अल्ट्राव्हायोलेट’ ही सेवा ३१ जुलै २०१९ रोजी बंद झाली. ज्यांनी आपली खाती वेळीच अन्य विक्रेत्यांशी जोडली, त्यांचे बहुतेक चित्रपट टिकले. सोनीने प्लेस्टेशन दुकानातील चित्रपटांची विक्री ऑगस्ट २०२१ मध्ये थांबवली आणि पुढच्या वर्षी जर्मनी व ऑस्ट्रियातील ग्राहकांनी विकत घेतलेले स्टुडिओ कनाल या कंपनीचे चित्रपट त्यांच्या संग्रहातून हटवण्याचे जाहीर केले. डिसेंबर २०२३ मध्ये डिस्कव्हरीचे विकत घेतलेले कार्यक्रम काढून टाकण्याची सूचनाही सोनीने दिली होती. ग्राहकांच्या तीव्र नाराजीनंतर नवा करार झाला आणि तो निर्णय मागे घेतला गेला. जुलै २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने चित्रपटांची नवी विक्री थांबवली, मात्र जुन्या ग्राहकांना त्यांची खरेदी पाहण्याची सोय ठेवली. गुगलनेही आपली जुनी चित्रपट सेवा टप्प्याटप्प्याने बंद करताना ग्राहकांची खरेदी यूट्यूब आणि गुगल टीव्हीकडे वळवली.

या उदाहरणांवरून डिजिटल खरेदी नेहमीच बुडते, असा निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. बहुतेक वेळा खरेदी टिकली आहे. ती टिकेल की नाही, याचा निर्णय मात्र ग्राहकाच्या हाती नव्हता. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने याच कारणाने सप्टेंबर २०२४ मध्ये कायदा संमत केला. १ जानेवारी २०२५ पासून तेथे डिजिटल वस्तूंसाठी ‘विकत घ्या’ असा शब्द वापरणाऱ्या विक्रेत्याला, ग्राहकाला केवळ परवाना मिळत आहे, हे स्पष्टपणे सांगावे लागते. चित्रपट कायमचा उतरवून इंटरनेटविना पाहण्याची सोय जेथे दिली जाते, तेथे ही अट लागू नाही.

भाड्याचे ४८ तास

भाड्याच्या व्यवहारात असा गैरसमज होण्यास वाव कमी असतो. मुदत आधीच ठरलेली असते. ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओने भारतात चित्रपट भाड्याने देण्याचे दालन २८ एप्रिल २०२२ रोजी उघडले. त्यासाठी प्राइमचे सदस्यत्व आवश्यक ठेवलेले नाही. पैसे भरल्यापासून ३० दिवसांत चित्रपट पाहण्यास सुरुवात करायची आणि एकदा सुरू केल्यावर साधारणतः ४८ तासांत तो संपवायचा, अशी रीत आहे. यूट्यूब आणि ॲपलकडेही व्यवहाराचे स्वरूप असेच आहे. नेमकी मुदत प्रत्येक चित्रपटाच्या पानावर पैसे भरण्यापूर्वी दिसते.

नव्या चित्रपटांसाठी प्रत्येक वेळचे स्वतंत्र शुल्क आकारण्याचे मोठे प्रयोगही भारतात झाले आहेत. महासाथीच्या काळात, १३ मे २०२१ रोजी, ‘राधे’ हा हिंदी चित्रपट झीप्लेक्सवर २४९ रुपयांत दाखवला गेला. आमिर खान यांनी ‘सितारे जमीन पर’ हा चित्रपट २० जून २०२५ रोजी चित्रपटगृहांत प्रदर्शित केल्यानंतर ओटीटी सेवांकडे न देता १ ऑगस्टपासून यूट्यूबवर १०० रुपयांत उपलब्ध करून दिला. चार-पाच जणांच्या कुटुंबाने एकत्र पाहिल्यास माणशी खर्च पंचवीस रुपयांच्या आत येतो आणि महिनोमहिने वर्गणी भरण्याचे बंधन राहत नाही, हे या पद्धतीचे बळ आहे.

तिची मर्यादाही वेळेशी निगडित आहे. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या घरात दोन दिवसांत सगळ्यांना मिळून बसता येईलच, असे नसते. एकाने रात्रपाळीहून आल्यावर चित्रपट सुरू केला, की सगळ्या घरासाठी घड्याळ चालू होते. म्हणून भाड्याचा चित्रपट साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सुरू करणे सोयीचे ठरते. चित्रपट सुरू केल्यावर पैसे परत मिळणे बहुतेक सेवांत शक्य नसते. त्यामुळे भाषा, उपशीर्षके आणि चित्राचा दर्जा आधीच तपासून घ्यावा. अनेक ठिकाणी साध्या आणि उच्च दर्जासाठी दर वेगवेगळे असतात. लहान पडद्यावर पाहणाऱ्याने अधिक दर मोजण्याचे कारण नाही.

वर्गणी : मोठे ग्रंथालय, बदलती पुस्तके

वर्गणीवर चालणाऱ्या ओटीटी सेवांचा भारतातील विस्तार गेल्या दशकभरातला आहे. हॉटस्टार २०१५ मध्ये, नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये, प्राइम व्हिडिओ त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आणि झी५ फेब्रुवारी २०१८ मध्ये आले. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातील दर कमी केले. तेव्हा केवळ मोबाइलसाठीची योजना महिना १४९ रुपये, तर दूरचित्रवाणी संचावरही चालणारी सर्वांत साधी योजना १९९ रुपये झाली. एकाच वेळी दोन पडद्यांसाठी ४९९ आणि चार पडद्यांसाठी ६४९ रुपये दर ठरला. या श्रेणींवरून वर्गणीतला एक नियम लक्षात येतो : दर ठरतो तो चित्रपटांच्या संख्येवर नव्हे, तर पडद्यांची संख्या आणि चित्राची स्पष्टता यांवर.

वर्गणीची तुलना ग्रंथालयाशी करता येते. संग्रह मोठा असतो. पण त्यातील पुस्तके ग्रंथालयाने स्वतः काही काळासाठी आणलेली असतात. ३१ मार्च २०२३ नंतर एचबीओ वाहिनीचे कार्यक्रम डिस्ने प्लस हॉटस्टारवरून निघून गेले आणि पुढे जिओ सिनेमावर आले. पुढे या दोन्ही सेवा एकत्र होऊन १४ फेब्रुवारी २०२५ रोजी जिओहॉटस्टार अस्तित्वात आले. तोच कार्यक्रम पाहणाऱ्या प्रेक्षकाला दोन वर्षांत तीन नावांच्या सेवांचा माग काढावा लागला. अनेक भारतीय ग्राहक असलेली ‘हुक’ ही सेवा तर ३० एप्रिल २०२० रोजी कायमची बंद झाली.

सेवेच्या अटीही वर्गणीच्या काळात बदलू शकतात. घराबाहेरील व्यक्तींसोबत खाते वाटून घेण्यावर नेटफ्लिक्सने जुलै २०२३ पासून भारतात निर्बंध आणले. प्राइम व्हिडिओने १७ जून २०२५ पासून चित्रपटांत जाहिराती दाखवण्यास सुरुवात केली आणि जाहिराती नको असल्यास वर्षाला ६९९ रुपयांचे वेगळे शुल्क ठेवले. मोबाइलच्या रिचार्जसोबत ‘मोफत’ मिळणारी वर्गणी ही रिचार्जच्या दरातच धरलेली असते आणि रिचार्जची मुदत सरताच ती संपते. ॲपमध्ये उतरवून ठेवलेले चित्रपटही वर्गणी थांबल्यावर उघडत नाहीत.

खर्चाची बेरीज

कोणता मार्ग स्वस्त, याचे उत्तर घराच्या सवयीवर ठरते. महिन्याला १९९ रुपयांची वर्गणी वर्षाला २,३८८ रुपये होते. समजा, चित्रपटाचे भाडे १०० रुपये आहे. तेवढ्याच रकमेत वर्षाला सुमारे २४ चित्रपट, म्हणजे महिन्याला दोन, भाड्याने पाहता येतात. ज्या घरात महिन्याला एखादाच चित्रपट ठरवून पाहिला जातो, तेथे वर्गणी महाग पडते. जेथे रोज कुणी ना कुणी मालिका किंवा चित्रपट पाहते, तेथे वर्गणीला तोड नाही.

खरेदीचा हिशेब याच धर्तीवर करता येतो. चित्रपटाचे भाडे १०० आणि विक्रीची किंमत ५०० रुपये धरली, तर तो चित्रपट वेगवेगळ्या दिवशी पाचपेक्षा अधिक वेळा पाहिला जाणार असेल, तरच खरेदी किफायतशीर ठरते. लहान मुले एकच चित्रपट पुन्हा पुन्हा पाहतात, सणावाराला काही घरांत ठरलेला चित्रपट लागतो. अशा मोजक्या शीर्षकांसाठी खरेदीचा विचार करता येईल. एकदा पाहून विसरल्या जाणाऱ्या चित्रपटासाठी तो करू नये.

तीन-चार वर्गण्या एकाच वेळी चालू ठेवण्याऐवजी एका महिन्यात एक सेवा घेऊन तिच्यातले हवे ते पाहून घ्यावे आणि पुढच्या महिन्यात दुसरी घ्यावी, असा पाळीपाळीचा मार्गही उपलब्ध आहे. वार्षिक योजना महिन्याच्या हिशेबाने स्वस्त दिसते. बारा महिने तिचा वापर होणार असेल, तरच ती स्वस्त असते.

डेटाचे भाडे वेगळे

या बेरजेत इंटरनेटचा खर्च अनेकदा निसटतो. नेटफ्लिक्सने दिलेल्या मापानुसार साध्या दर्जाच्या चित्रासाठी तासाला सुमारे १ जीबी, उच्च दर्जासाठी सुमारे ३ जीबीपर्यंत आणि सर्वोच्च, म्हणजे फोर-के दर्जासाठी सुमारे ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. अडीच तासांचा चित्रपट उच्च दर्जात पाहिल्यास साडेसात जीबीपर्यंत डेटा खर्च होतो. ज्या घरात ब्रॉडबँड जोडणी नाही आणि मोबाइलवर दररोज २ जीबीची मर्यादा आहे, तेथे हा जवळपास चार दिवसांचा डेटा झाला. भाड्याची ४८ तासांची मुदत रात्री सुरू झाली, तरी ती फार तर तीन तारखांना स्पर्श करते; म्हणजे हाती ६ जीबीच येतात. भाडे भरूनही उच्च दर्जातला चित्रपट मुदतीत पूर्ण न होण्याची शक्यता त्यातून निर्माण होते.

यावर दोन साधे उपाय आहेत. एक, मोबाइलच्या किंवा लहान संचाच्या पडद्यावर साधा दर्जा निवडणे. त्यात तोच चित्रपट अडीच जीबीच्या आसपास संपतो. दोन, चित्रपट आधी उतरवून ठेवणे. बहुतेक सेवांत ४८ तासांची मुदत चित्रपट उतरवल्यावर नव्हे, तर तो पाहण्यास सुरुवात केल्यावर मोजली जाते. ३० दिवसांच्या सवलतीच्या काळात चित्रपट उतरवून घेतला, तर सुट्टीच्या दिवशी तो अडथळ्याविना पाहता येतो.

मराठी चित्रपट आणि घरचा पडदा

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी प्रेक्षकाला ओटीटीमुळे जे मिळाले, ते व्हिडिओ लायब्ररीच्या काळात मिळणे कठीण होते. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ ३० एप्रिल २०२१ रोजी नेटफ्लिक्सवर आला आणि पुण्यातल्या प्रेक्षकाला तो ज्या दिवशी दिसला, त्याच दिवशी भिलाईतल्या प्रेक्षकालाही दिसला. त्याच वर्षी केवळ मराठीसाठी असलेला प्लॅनेट मराठी हा मंच सुरू झाला. प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हा आपला ओटीटी मंच सुरू केला. मराठीसह अनेक भारतीय भाषांतील बरेच कार्यक्रम तेथे विनामूल्य पाहता येतात. अनेक निर्माते आपले जुने चित्रपट जाहिरातींसह यूट्यूबवर अधिकृतपणे विनामूल्य ठेवतात. पैसे भरण्याआधी हे दोन मार्ग तपासून पाहणे हिताचे आहे.

मराठी चित्रपट एकाच सेवेवर सापडत नाहीत, ही अडचण मात्र कायम आहे. हक्क निरनिराळ्या कंपन्यांकडे विखुरलेले आहेत. करार संपल्यावर एखादा चित्रपट कोणत्याही सेवेवर न दिसण्याचेही प्रसंग येतात. घरातल्या मुलांना पुढेमागे दाखवायचा म्हणून जपायचा मराठी चित्रपट अधिकृत तबकडीवर मिळत असेल, तर ती घेऊन ठेवणे आजही सर्वांत टिकाऊ मार्ग ठरतो. त्यासाठी चालू स्थितीतील प्लेअर आणि ओलावा व ऊन लागणार नाही अशी जागा, एवढी काळजी पुरेशी असते.

कायदा काय सांगतो

चित्रपटाची प्रत विकण्याचा आणि व्यापारी तत्त्वावर भाड्याने देण्याचा हक्क १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम १४ नुसार हक्कधारकाचा आहे. परदेशातून विकत आणलेल्या अस्सल डीव्हीडी परवानगीविना भाड्याने देणेही स्वामित्वहक्काचा भंग ठरते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले होते. २०१२ च्या दुरुस्तीने ना-नफा ग्रंथालये व शैक्षणिक संस्थांनी रीतसर मिळवलेली प्रत ना-नफा हेतूने देण्यास ‘व्यापारी भाडे’ या व्याख्येतून वगळले. त्याच दुरुस्तीतील कलम ६५अ नुसार, हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडणे हा गुन्हा आहे.

चित्रपटावरील स्वामित्वहक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. १९५३ मध्ये प्रदर्शित झालेल्या आणि पहिल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्काराचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या ‘श्यामची आई’ या चित्रपटावरील ही मुदत २०१३ च्या अखेरीस संपली. पहिला छत्तीसगढी चित्रपट मानला जाणारा, १९६५ चा ‘कहि देबे संदेस’ याची मुदत २०२५ च्या अखेरची. मात्र कथा आणि गीतांवरील लेखकांचे हक्क यांची मुदत वेगळी मोजली जाते, हे ध्यानात ठेवावे लागते.

सार्वजनिक प्रदर्शनाचा मुद्दा महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. गणेशोत्सवात किंवा मंडळाच्या सभागृहात मराठी चित्रपट दाखवण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. ओटीटीची वर्गणी, भाडे किंवा खरेदी यांपैकी काहीही केले, तरी मिळणारा परवाना वैयक्तिक व घरगुती वापरापुरता असतो. पडदा लावून समुदायासमोर चित्रपट दाखवायचा असेल, तर निर्मात्याची अथवा हक्कधारकाची लेखी परवानगी घ्यावी लागते.

बेकायदा प्रतींचा मार्ग सर्वांत स्वस्त वाटतो. चित्रपटगृहातील बेकायदा चित्रीकरण आणि अशा प्रतींचे प्रसारण यांसाठी २०२३ च्या चलच्चित्र (दुरुस्ती) कायद्यात तीन महिने ते तीन वर्षांपर्यंत कारावास आणि किमान तीन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. दंडाची कमाल मर्यादा निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत जाते. मर्यादित प्रेक्षकवर्ग असलेल्या मराठी चित्रपटाला अशा चोरीचा फटका अधिक बसतो.

ग्राहकाचे हक्क

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील ई-व्यापाराच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनांचा स्पष्ट समावेश आहे. त्यामुळे चित्रपटाचे भाडे, खरेदी व वर्गणी हे व्यवहार त्याच्या कक्षेत येतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिशाभूल करणाऱ्या तेरा रचनांना प्रतिबंध करणारी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. वर्गणी सुरू करणे सोपे आणि रद्द करणे अवघड ठेवणे, तसेच शेवटच्या टप्प्यावर लपवलेले शुल्क जोडणे, यांचा त्यात समावेश आहे. तक्रार आधी सेवेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि तेथे दाद न लागल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवता येते.

आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णतः लागू आहेत. रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते आणि संमती मागे घेण्याची सोय ठेवावी लागते. ही सूचना संदेशांच्या गर्दीत हरवू न देणे, हा नको असलेली वर्गणी थांबवण्याचा सर्वांत सोपा मार्ग होय. ॲप मोबाइलमधून काढून टाकल्याने वर्गणी रद्द होत नाही.

मुले असलेल्या घरांसाठी आणखी एक तरतूद उपयोगी आहे. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटी सेवांना कार्यक्रमांचे वयानुसार वर्गीकरण करणे आणि तेरा वर्षांवरील व त्यापुढील श्रेणींसाठी पालक-कुलपाची सोय देणे बंधनकारक आहे. याच कुलपामुळे मुलांकडून चुकून होणारी भाडे-खरेदीही अनेक सेवांत रोखता येते.

निवड करताना

एकदाच पाहायचा नवा चित्रपट असेल, तर भाडे पुरेसे आहे. घरात रोज काही ना काही पाहिले जात असेल, तर एका वेळी एक वर्गणी घ्यावी आणि ती वापरात नसेल त्या महिन्यात बंद ठेवावी. डिजिटल खरेदी मोजक्या, वारंवार पाहिल्या जाणाऱ्या चित्रपटांसाठीच करावी. ती दीर्घ मुदतीचे भाडे आहे, असे धरूनच तिची किंमत ठरवावी आणि शक्य तेथे चित्रपट उतरवून ठेवावा. पुढच्या पिढीच्या हाती द्यायचा चित्रपट अधिकृत तबकडीवर मिळत असेल, तर तबकडीच घ्यावी. पैसे भरण्यापूर्वी पाहण्याची मुदत, चित्राचा दर्जा, पडद्यांची संख्या आणि वर्गणी आपोआप पुढे चालू राहण्याची अट या चार गोष्टी वाचण्यास दोन मिनिटे लागतात. वर्षाच्या शेवटी घरखर्चाच्या वहीत दिसणारी रक्कम बऱ्याच अंशी त्या दोन मिनिटांवर ठरते.